विहीणबाई सेट होतात

"आई, माय आता इथंच राहील. होईल हळूहळू सेट," असं सून म्हणाली तेव्हा मी भाकरी थापत होते. हात थांबवला नाही. एक भाकरी तव्यावर होती, ती करपली असती. पण मनात म्हटलं, ही इथं सेट झाली तर मी कुठं जायचं?

सुनेची माय म्हणजे माझी विहीण. सटाण्याच्या बाजूला एका खेड्यात राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती एक लेक आमच्या घरात दिलेली. शेजारी दिराचं घर होतं, तेही मालेगावला निघून गेलं. मग एकदा बाई डाळिंबाच्या बागेत चक्कर येऊन पडली आणि दुपारपर्यंत कुणाला पत्ता लागला नाही. सून गेली आणि तिला घेऊन आली. यात सुनेचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. मी तिच्या जागी असते तर मीही आणलं असतं. पण मी तिच्या जागी नव्हते, माझ्या जागी होते, आणि माझी जागा केवढीशी आहे ते मला चांगलं माहीत होतं.

आमचं घर सिडकोत. खाली दोन खोल्या, वर मुलाने मागाहून चढवलेल्या दोन. मुलगा अंबडला कंपनीत जातो, सून एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते. दोघं बाहेर पडले की स्वयंपाकाचा ओटा माझा. नात शाळेतून आली की ती माझी, रात्री माझ्याच शेजारी झोपायची. ओटा आणि नात. बाकी त्या घरात माझं म्हणावं असं काही नाही, आणि मला नकोही होतं.

विहीण आली ती शिमगा झाल्यावर. पत्र्याची एक पेटी, दोन गोधड्या, आणि जुन्या लुगड्यात गुंडाळलेली लांबट वस्तू. मला वाटलं काठी असेल. सोडून पाहिलं तर कुरडयांचा लाकडी सोऱ्या. तो पाहिला आणि मी समजले. चार दिवसांची पाहुणी बरोबर सोऱ्या आणत नाही.

त्याच आठवड्यात नातीच्या शाळेत नवीन खूळ निघालं. ती आठवीत, इंग्रजी शाळेत. प्रत्येकाने एक इंग्रजी शब्द निवडायचा आणि वर्गात उभं राहून त्यावर बोलायचं. हिने नेमका 'सेट' निवडला. म्हणाली, "आजी, सगळ्यात जास्त अर्थ याच शब्दाला आहेत. टीचर म्हणाल्या, मोठ्या डिक्शनरीत पानंच्या पानं भरलीत. तुला माहितीये का सेट?"

"मला काय विचारतेस? तुझा बाप सेटरच आहे ना?" मी म्हटलं. "मशिनीत टूल बसवतो, माप लावतो, पहिला जॉब, म्हणजे पहिला नग, काढून बघतो. तो बरोबर निघाला की मग दुसरा माणूस दिवसभर बटण दाबतो. आपलं घर त्याच्यावर चाललंय."

"आणखी?"

आणखी पुष्कळ होतं. मी चौथीपर्यंत शिकले. इंग्रजी शाळेत शिकले नाही, पण हा शब्द मला माहीत होता. तो माझ्याकडे आला तो नेहमी दुसऱ्याच्या घरून आला. पहिल्यांदा ऐकला तो माझ्या जावेच्या रुखवतात. तिच्या माहेरचे लोक ओरडून सांगत होते, सेट आहे, सेट, एकसारख्या सगळ्या. पांढऱ्या कपबश्या, कडेला निळी फुलं. माझ्या रुखवतात तांब्याचा हंडा होता. हंडा रोज घासावा लागे. कपबश्या कपाटात बसायच्या आणि तिच्या माहेरचं कुणी आलं की बाहेर यायच्या. माझ्या माहेरचं आलं की कान तुटलेला कप. पुढे त्याच जावेला सोन्याचा सेट झाला, हार आणि कानातलं एका नक्षीचं. लग्नकार्यात ती मुद्दाम मान वळवून बोलायची, म्हणजे दोन्ही दिसावं. पुढे तिचा मुलगा परदेशात सेट झाला. तोवर मला या शब्दाचा राग बसला होता.

नातीला हे सगळं नाही सांगितलं. तिला द्राक्षांचं सांगितलं. माझं माहेर दिंडोरीकडचं, लग्नाआधी आणि नंतरही मी बागांमध्ये मजुरीला गेलेली. फुलोरा गळून मणी धरले की मालक म्हणायचा, सेटिंग झाली. मग आम्ही बायका कात्री घेऊन घडातले जास्तीचे मणी काढायचो, उरलेल्यांना फुगायला जागा व्हावी म्हणून. "एका घडात सगळे राहू शकत नाहीत," मी नातीला म्हटलं. तिने ते लिहून घेतलं. मी ते विहिणीकडे बघून म्हटलं होतं. ती पुढच्या खोलीत पेटी उघडून बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्याशी आले, तर बाई पदर खोचून मेथीची जुडी सोडत होती.

"द्या इहीनबाई, मी निवडस," ती म्हणाली. ती अहिराणीच बोलते. इथं आली म्हणून बदलली नाही.

तेव्हाच मला ते सुचलं. आमच्यात विहिणीचा मान असतो. लग्नात विहिणींची पंगत वेगळी बसते. ताटाभोवती रांगोळी, बसायला पाट, पहिलं वाढप त्यांना. त्यांनी ताट उचलायचं नाही, पाणी घ्यायला उठायचं नाही, कशाला हात लावायचा नाही. विहीण ही पाहुणी, आणि तिच्याशी भांडता येत नाही. पण मान तर देता येतो. मी तिच्या हातातून जुडी काढून घेतली.

"अहो, हे काय करता? विहीणबाईंनी आमच्या घरात काम करायचं म्हणजे आम्हाला लाज."

"घरनं काम शे. त्याम्हा लाज कसानी?"

"तुमचं घर तिकडं सटाण्याला. इथं तुम्ही पाहुण्या. बसा बरं निवांत."

आणि पुढच्या दारात, पत्र्याच्या शेडखाली, मी तिच्यासाठी प्लास्टिकची खुर्ची टाकली.

लग्नातला मान एका दिवसाचा असतो. मी तो रोज दिला. आम्ही खाली बसून जेवतो. सगळ्यांना सतरंजी, तिला पाट. माळ्यावरचा जुना शिसवी पाट काढून धुतला, पुसला. ताटाभोवती रांगोळीची रेघ. भातावर तूप सगळ्यांत आधी तिच्या. जेवण झालं की ती ताट उचलायला वाकायची आणि मी आधीच उचललेलं असायचं. कपडे वाळत टाकायला गेली, मी बादली घेतली. झाडू धरला, मी झाडू घेतला. एकदा ती दळण टिपायला बसली तर मी परात उचलून घरात नेली. सुनेला काही बोलता येईना. तिच्या मायचा मान चालला होता, तक्रार कशाची करणार?

मुलगा मात्र माझाच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रांगोळी बघून म्हणाला, "आई, मामींचं रोज लग्न लावतेस का?"

"रीत आहे ती."

"रीत मला माहितीये. तूही मला माहितीयेस."

"जेव मुकाट्याने," मी म्हटलं.

मला वाटलं होतं महिनाभर लागेल. त्याआधीच गुण दिसायला लागला. जन्मभर शेतात राबलेली बाई, तिला खुर्चीवर बसायचं म्हणजे शिक्षाच. मांडीवर हात ठेवून बसायची, हात उलटेसुलटे करून बघायची. गल्लीतून जाणाऱ्या भाजीवाल्याला उगाच थांबवून मेथी कुठली, कांदा कुठला, विचारत राहायची. एक दिवस सुनेला म्हणाली, "माले काम लागस, बेटा. बठी बठी मी मरी जासू. आखाजी झायी की मी मना घर जासू."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. तिच्याकडे तो मोठा सण. मी आतून ऐकलं आणि कणीक मळायला लागले. कणीक त्या दिवशी फार चांगली मळली गेली.

पण माझ्या हिशेबात एक गोष्ट आली नव्हती. मी तिचं सगळं काम काढून घेतलं, म्हणजे ते कुणी करायचं? मीच. तिच्या मानाचं जास्तीचं कामही मीच. नात शाळेतून आली की पूर्वी सरळ आत यायची, डब्यात हात घालायची, माझ्या पाठीला पाठ लावून बसायची. आता मी घामाघूम, "थांब गं जरा, हे होऊ दे" म्हणणारी. आणि दारात एक आजी रिकामी बसलेली. पोरांना रिकामं माणूस लागतं. नात दारातल्या पायरीवरच बसायला लागली.

तेल लावून वेणी. मी करायचे तेव्हा "आजी दुखतं" म्हणायची. तिथे दुखत नव्हतं. गोष्टी. कुठल्या गोष्टी ते मला भांड्यांच्या आवाजात ऐकू येत नसे, फक्त हसणं ऐकू यायचं. आणि बोलणं. एक दिवस आत येऊन म्हणते, "आजी, भूक लागनी."

"नीट बोल."

"मोठी माय असंच बोलते."

मोठी माय म्हणजे त्यांच्याकडे आजी. मोठी! माझ्याहून वयाने धाकटी आहे ती. माझ्या सुनेचंही तेच. मला ती आई म्हणते. लग्न ठरलं तेव्हा तिला शिकवलं, सासूला आई म्हणायचं, म्हणून म्हणते. चांगलं म्हणते, कधी चुकली नाही. पण बोट चिरलं, पाय घसरला की तोंडून निघतं ते "माय गं". ते मी इतकी वर्षं ऐकलं होतं, काही वाटलं नव्हतं. आता "माय गं" म्हटलं की दारातून "काय व्हयनं वं?" असं उत्तर यायचं आणि मला वाटायचं, तेलाची बाटली फेकून मारावी. मारली नाही.

त्या सेट शब्दाचंही तेच झालं. पोरगी रोज संध्याकाळी पायरीवर बसून मोबाइलमधून एकेक अर्थ वाचायची आणि मोठ्याने सांगायची, आतल्या आजीला आणि बाहेरच्या आजीला.

"सूर्य मावळतो तोपण सेट!"

"म्हणजे बसणं आणि बुडणं एकाच शब्दात?" मी आतून म्हटलं. "एवढी मोठी भाषा आणि शब्दांची एवढी टंचाई?"

"हाड मोडलं तर डॉक्टर बसवतात तेही. घड्याळाचा गजर लावतात तेही. जेवायला पाट मांडतात, ताट मांडतात, तेपण सेट. आणि आजी ऐक, सापळा लावतात ना उंदराला, तोसुद्धा सेट."

पाट मांडणं आणि सापळा लावणं. मी कांदा चिरत होते, तो चिरत राहिले. इंग्रजांना कुणी सांगितलं होतं कुणास ठाऊक.

"मोठी माय, तुमच्या गावाला सेट म्हणतात का?"

"म्हंतस ना. डाळिंब सेट व्हस. फूल गळी जास नि बारीक फळ धरी लेस, मग म्हंतस सेटिंग व्हयनी."

"अरे वा! हे तर एकदम नवीन!"

"नवीन कसलं?" मी हात पुसत दारात आले. "द्राक्षाचं मी सांगितलं नव्हतं का? तेच ते."

"द्राक्ष येगळा, डाळिंब येगळा," विहीण म्हणाली. "द्राक्षाले मांडव लागस, दोऱ्या लागतस. डाळिंब आपला आपला उभा ऱ्हास."

"द्राक्ष जगभर जातं."

"डाळिंब दवाखानाम्हा जास. आजारी मानूस काय खास? द्राक्ष?"

नात एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. तिला मजा वाटत होती. मला वाटत नव्हती. मी एवढी वर्षं त्या बागांमध्ये उन्हात उभी राहिले, माझ्या नातीला सांगायला माझ्याकडे तेवढी एकच गोष्ट होती, आणि ही बाई तिच्यातही अर्धी वाटणी मागत होती.

वर्गात बोलून आली त्या दिवशी मी विचारलं, "काय काय सांगितलंस?"

"सगळं. पप्पांचं मशीन, तुझी द्राक्षं, मोठ्या मायचं डाळिंब."

"आधी कुठलं?"

"आजी! ते काय लक्षात राहतं का?"

म्हणजे डाळिंब आधी. आधी द्राक्षं असती तर लक्षात राहिलं असतं.

परीक्षा झाली, सुट्टी लागली. एका रात्री जेवताना पोरगी म्हणाली, "आजी, मी आजपासून वर झोपू का? मोठ्या मायला एकटं करमत नाही." विहिणीची झोपायची सोय वर केली होती. मी म्हटलं, झोप. दुसरं काय म्हणणार? माझ्या शेजारची तिची उशी तिने स्वतःच उचलून नेली. वाघाचं चित्र असलेली.

आणि सकाळी चहाच्या वेळी ती आईला सांगत होती, "आखाजीला मोठी माय जाणार ना, मीपण जाणार तिच्याबरोबर. शाळा उघडेपर्यंत. तिथे झोके बांधतात म्हणे सगळ्या मुली."

सून माझ्याकडे बघायला लागली. विहीण बशीतला चहा फुंकत होती. मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. तेव्हा मला माझं सगळं काम स्वच्छ दिसलं. मी हिला घालवणार, आणि ही जाताना माझी नात घेऊन जाणार. राहिली तरी पोरगी तिची, गेली तरी तिची. एवढे दिवस रांगोळ्या काढल्या त्या मी माझ्याच पायात काढल्या.

मी चांगली बाई आहे म्हणून पुढचं केलं असं कुणी समजू नये. मला फक्त एवढं कळलं होतं की हिला खुर्चीतून उठवल्याशिवाय माझी पोरगी मला मिळायची नाही. आणि हिला खुर्चीतून उठवायचं तर कामाला लावावं लागणार. आणि विहिणीला कामाला लावलं की ती पाहुणी राहत नाही. मग ती कुठे जात नाही.

दोन दिवस मी त्याच्यावर विचार केला. दोन्ही बाजूंनी तोटाच दिसत होता. पण पोरगी गावाला जाणार हा तोटा मोठा होता.

कुरडयांचा दिवस आला. गहू तीन दिवस भिजलेले, रोज पाणी बदललेलं, वाटून चीक काढून रात्रभर निवळत ठेवलेला. दरवर्षी मी एकटी करते. गल्लीतल्या बायका विचारतात, यंदा कधी टाकणार, चीक खायला येऊ का. सकाळी ऊन चढायच्या आत मोठं पातेलं गॅसवर चढवलं, आधण आलं, मीठ घातलं, चीक ओतायला लागले. एका हाताने ओतायचा, दुसऱ्याने लाकडी दांड्याने हाटायचा. थांबलं की गुठळ्या. माझा उजवा खांदा तसा बरा होता. एकटीने झालं असतं. हे मुद्दाम सांगते, कारण सून गल्लीत सांगत फिरते की आईंचा खांदा धरला म्हणून त्यांनी मायला बोलावलं.

मी दाराकडे तोंड करून ओरडले, "विहीणबाई! उठा. चीक हाटायला या."

खुर्ची करकरली. सून जिन्यात होती, ती तिथेच थांबली. विहीण आली, पण उंबऱ्याशीच उभी राहिली.

"आनि माना काय व्हयना?" तिने विचारलं. म्हणजे मानाचं काय झालं?

"मान गेला खड्ड्यात. गुठळ्या होतायत, दिसत नाही का?"

तिने पदर खोचला, आली, आणि माझ्या हातातला दांडा घेतला. तो ज्या तऱ्हेने घेतला त्यावरून मला कळलं की ही एवढे दिवस रात्री झोपेतही हाटत असणार. मी ओतत गेले, ती हाटत गेली. थोड्या वेळाने बोटाने चाखून म्हणाली, "मीठ कमी शे."

"बरोबर आहे."

"कमी शे. वाळनं की कळस."

"वाळल्यावर खारट होतं. इतकी वर्षं मी करते."

"मी काय आज करस का?"

तिने मीठ घातलं. मी काही म्हणायच्या आत घातलं. चीक शिजला, काचेसारखा झाला, पातेल्याच्या कडा सोडायला लागला. खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा गुळगुळीत झाला होता. एक गुठळी नाही. मी दांड्याने खालपासून वरपर्यंत शोधली, एकसुद्धा नव्हती. मग तिने तो लुगड्यातला सोऱ्या काढला. माझा पितळी सोऱ्या तिथेच शेजारी पडलेला होता. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

मी हात धुतले आणि बाहेर येऊन तिच्या खुर्चीवर बसले. ठरवलंच होतं तसं. थोड्या वेळाने नात आतून आली, वाटीत गरम चीक, वर तेल आणि तिखट. येऊन माझ्या पायाशी पायरीवर बसली.

"आजी, तू इथे कशी?"

"बसले. बसू नये का?"

"बस ना." तिने एक घास मला दिला. "मोठी माय म्हणते, यंदा गावाला जायला जमायचं नाही, वळवटं करायचीत, पापड करायचेत. मग मी काय करू सुट्टीत?"

"मी आहे ना इथे बसलेली," मी म्हटलं.

ती माझ्या गुडघ्याला टेकली. मी जिंकले होते. पण आतून भांड्यांचा आवाज येत होता आणि तो मी करत नव्हते. डबे उघडत होते, बंद होत होते. तिखटाचा डबा ती खालच्या फळीवर ठेवणार हे मला इथून कळत होतं. मीठ कुठे आहे ते तर तिला सापडलेलंच होतं. माझा जीव खुर्चीत बसेना. गच्चीवर कुरडया टाकून झाल्या, आता वरणभाताचं तरी मी बघते म्हणून उठले आणि आत गेले. तर ती कुकर लावत होती.

"द्या इकडे," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. आल्यापासून पहिल्यांदा मी तिला हसताना पाहिलं, निदान माझ्यासमोर.

"आरे देवा! इहीनबाई, तुम्हीन हात लावू नका. पोऱ्यानी माय तुम्ही. खरा मान तर तुमना शे. तुम्हीन बठा."

आणि ते खरं होतं. दोन विहिणींत मुलाच्या आईचा मान पहिला. तिने माझी रीत माझ्याच हातात ठेवली, वरून एक पदर लावून. दुपारी जेवायला आले तर सतरंजीच्या मध्ये पाट, भोवती रांगोळी, आणि तो माझ्यासाठी. तिची रांगोळीची रेघ माझ्यापेक्षा सरळ होती. मुलाला रजा होती. त्याने पाट पाहिला, मला पाहिलं, आणि हसता हसता त्याला ठसका लागला.

"बस आई," तो म्हणाला. "रीत आहे ती."

मी बसले. न बसून सांगणार कुणाला? भातावर तूप आधी माझ्या पडलं. दिलेला मान नाकारायचा नसतो म्हणतात, म्हणून मी तो घेतला, पण घास घशाखाली जाईना. विहीण एवढे दिवस काय गिळत होती ते मला त्या दिवशी कळलं. कळलं म्हणून तिच्याबद्दल माया वाटली असं नाही. माझा राग आणखी वाढला, कारण तिने ते तोंड वाकडं न करता गिळलं होतं आणि मला जमत नव्हतं.

आखाजी आली, गेली. ती गेली नाही. झोका मुलाने आणि सुनेने गच्चीच्या कठड्याजवळ लोखंडी दांड्याला बांधला. पोरगी त्याच्यावर बसून दोघींना हाका मारायची. वाघाची उशी एक दिवस वर, एक दिवस खाली, असं काहीतरी तिचं तिनेच ठरवलं. मला विचारलं नाही. मी असते तर असं ठरवलं नसतं.

मागच्या आठवड्यात सून फोनवर मैत्रिणीला सांगत होती, "हो गं, माय आता एकदम सेट झाली." मी या घरात सून म्हणून आले तेव्हा हा शब्द नव्हता. तेव्हा सून रुळली म्हणायचे. रुळायला मला किती वर्षं लागली ते मी कुणाला सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. आणि मी रुळले, असं फोनवर कुणी कुणाला सांगितलं नाही. हिला मात्र दोन महिन्यांत सगळं. घडात जागा होत नाही असं मीच म्हटलं होतं. कात्री माझ्याच हातात होती, आणि मीच तिला आत सरकवलं.

आता आम्ही दोघी मानाला भीत नाही, पण ओटा कुणाचा हे अजून ठरलेलं नाही. जी आधी उठेल तिचा, असं होऊन बसलं आहे. मी पहाटे उठते. ती त्याहून आधी उठते. मग मी त्याहून आधी. मुलगा म्हणतो, "असंच चाललं तर तुम्ही दोघी मिळून सकाळचा चहा आदल्या रात्रीच कराल."

आज उजाडायच्या आधी उठले. पाय न वाजवता आले तर स्वयंपाकघरात दिवा लागलेला. चहा उकळत होता, दोन कप काढून ठेवलेले. एकाचा कान तुटलेला होता. तिने तो स्वतःसमोर ठेवला आणि चांगला माझ्याकडे सरकवला.

"बठा, इहीनबाई," ती म्हणाली.

मी बसले नाही. पिठाचा डबा काढला, परात घेतली, ओट्यापाशी गेले आणि म्हटलं, "सरका जरा."

ती सरकली. फार नाही. परात मावेल एवढीच.